खुरपें घ्यावें तर चांगलें

संस्कृतांत खणण्याच्या साधनाला 'खनित्र' आणि कापण्याच्या साधनाला 'लवित्र' म्हणतात. खन् व लू या धातूंना 'इत्र' प्रत्यय लागून हे शब्द सिद्ध होतात, आणि या प्रत्ययासाठीं पाणिनीनें अष्टाध्यायींत सूत्र दिलें आहे. ज्याच्या योगानें क्रिया घडते तें साधन, एवढाच त्याचा आशय. मग ज्यानें धड खणलें जात नाहीं त्याला खनित्र म्हणावें कसें? हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाहीं. गिरगांव-दादरच्या घराघरांतील कुंड्यांशीं त्याचा संबंध आहे.

मुंबईकराची बाग ती केवढी! चाळीच्या गॅलरींतील तुळस, खिडकींतला मोगरा, फार तर दादरच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारांतील जास्वंद. "एवढ्यासाठीं हत्यार कशाला?" असें म्हणून मोडका चमचा किंवा स्वयंपाकघरांतून बाद झालेली सुरी कुंडीच्या कामीं लावण्यांत येते. आमच्या मतें विचार नेमका उलट हवा. शेतांत एक मूळ तुटलें तर झाड दुसरीकडे हातपाय पसरतें. कुंडींतल्या वीतभर मातींत त्याला ती सोय नाहीं. बोथट कात्रीनें गुलाबाची फांदी कापली जात नाहीं, चिरडली जाते; आणि श्रावणांतल्या दमट हवेंत त्या जागीं बुरशी शिरून फांदी वरून खालीं वाळत येते. बाग जितकी लहान, तितकें हत्यार नेटकें हवें.

याहून मोठी हानि माणसाची होते. एकत्र कुटुंबांत वृद्धांच्या हातीं राहिलेलें शेवटचें काम पुष्कळदां कुंड्यांचेंच असतें. वांकणाऱ्या खुरप्याशीं झटून मनगट दुखूं लागलें कीं आजीबाई तें काम सोडतात. मग दुपार खावयास उठते.

चांगलें खुरपें कसें होतें? लोहार पोलादाचें पातें लाल तापवून पाण्यांत बुडवितो. याला 'पाणी देणें' म्हणतात. त्यानें धार कठीण होते, पण ठिसूळहि होते. म्हणून पुन्हां बेताची आंच देऊन तिला चिवटपणा आणावा लागतो. नुसत्या पत्र्याचें रंगविलेलें खुरपें कठीण मातींत मुठीजवळच वांकतें. तेव्हां घेतांना पातें व मूठ यांचा सांधा पाहावा, लांकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला धरून आहेत ना तें पाहावें, आणि ज्याला वापरावयाचें त्याच्याच हातांत तें देऊन पाहावें.

काळबादेवीजवळ लोहार चाळ आहे. नांव लोहारांचें, पण आज तेथें विजेच्या सामानाची बाजारपेठ आहे. घडविणारा नजरेआड झाला कीं घेणाऱ्याची पारखहि मंदावते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. पुढें ते बेळगांवास जाऊन लोखंडी नांगर बनवूं लागले, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तरीहि नांगर टिकला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. शेतकऱ्यानें हत्यारावर संशय घेतला, पण वापरून पाहून तो सोडला. आपण सुशिक्षित मंडळी मात्र चकाकत्या रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवतों!

मुंबईची खारी हवा ही लोखंडाची वैरीण. काम संपतांच माती पुसून तेलाचा हात फिरवावा, मधून मधून निसण्यावर धार लावावी. हें काम मोठ्यांच्या देखरेखीखालीं नातवंडांकडे सोपवावें. टोंक नसलेली पेन्सिल देऊन मुलाकडे सुवाच्य अक्षर मागूं नये, असें आम्ही शाळेंत नव्या शिक्षकांस सांगत असूं. तोच न्याय येथें लागू आहे. येत्या मृगापूर्वीं चार मोडक्या वस्तूंऐवजीं एकच चांगलें खुरपें घरीं आणावें, आणि तें प्रथम आजीच्या हातीं द्यावें.