डोळ्यांची खिडकी

पावसाळ्यात मोटारीतून प्रवास करताना तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. गाडीच्या पुढच्या काचेवर चिखल उडाला, की रस्ता दिसेनासा होतो. रस्ता जागच्या जागी असतो, गाडी हाकणाऱ्याची नजरही चांगली असते. तरी गाडी थांबवावी लागते. काच पुसली, की पुन्हा सारे लख्ख दिसू लागते.

आपल्या डोळ्यालाही निसर्गाने अशीच एक काच बसविली आहे. शेजारी बसलेल्या मित्राच्या डोळ्याकडे बाजूने निरखून पाहा. मधल्या काळसर वर्तुळावर पाण्याच्या थेंबासारखा एक स्वच्छ फुगवटा दिसेल. त्याला पारपटल म्हणतात. त्याची रुंदी सुमारे ११ ते १२ मिलिमीटर, आणि मध्यभागी जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. बाहेरचा प्रकाश प्रथम या पटलातून आत शिरतो. नंतर तो बाहुलीतून भिंगापर्यंत जातो आणि शेवटी डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पोहोचतो. तेथून मज्जातंतूच्या द्वारे मेंदूला वार्ता मिळते आणि आपल्याला दिसते.

शरीराच्या बहुतेक भागांत रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. परंतु निरोगी पारपटलात एकही रक्तवाहिनी नसते. म्हणूनच ते काचेसारखे स्वच्छ राहते. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून मिळतो.

ही नाजूक काच कधी कधी धुरकट होते. खेड्यापाड्यांत याला ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. विटी किंवा बाण लागणे, फटाका उडणे, डोळ्यात कुसळ जाऊन जखम चिघळणे, आहारात अ-जीवनसत्त्व फारच कमी पडणे, अशी त्याची अनेक कारणे आहेत. पानाच्या चुन्याची पुडी दाबून फोडण्याच्या खेळात कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली आहे. डोळ्यात चुना गेला तर डोळा मुळीच चोळू नये. तत्काळ स्वच्छ पाण्याची धार धरून तो बराच वेळ धुवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. तसेच हिरव्या पालेभाज्या, गाजर, पपई, आंबा हे पदार्थ आवडीने खावेत.

प्रत्येक अंधत्वाचे कारण एकच नसते, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविता येते. काचबिंदूत मज्जातंतूची हानी होते आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून वेळीच तपासणी करणे हाच उपाय. पारपटल कायमचे धुरकट झाले, तर मात्र बहुतेक रुग्णांना दुसऱ्या माणसाचे स्वच्छ पारपटल बसवावे लागते. ते कोणत्याही कारखान्यात विकत मिळत नाही.

असे पटल बसविण्याचे काम प्रथम यशस्वी झाले ते ७ डिसेंबर १९०५ रोजी. आजच्या चेक देशात ओलोमोउत्स नावाचे नगर आहे. तेथे एडुआर्ड त्सिर्म नावाचे नेत्रवैद्य होते. चुन्यामुळे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गमावलेला एक मजूर त्यांच्याकडे आला. त्याच सुमारास अकरा वर्षांच्या एका मुलालाही तेथे आणण्यात आले. लोखंडाचा कण घुसून त्याचा एक डोळा निकामी झाला होता आणि तो काढून टाकणे भाग होते. परंतु त्या डोळ्याचे पारपटल चांगले होते. त्सिर्म यांनी त्या पटलाचे भाग मजुराच्या दोन्ही डोळ्यांवर बसविले. एका डोळ्यात ते टिकले नाही. दुसऱ्यात मात्र रुजले. मजुराला पुन्हा दिसू लागले आणि तो आपल्या कामावर परतला. पारपटलात रक्तवाहिन्या नसल्यामुळे परक्या शरीरातही ते सहसा रुजते, हे पुढे कळून आले.

पण जिवंत माणसाचा डोळा असा क्वचितच मिळणार! ओदेसा येथील फिलातोव्ह या नेत्रवैद्यांनी १९३० नंतरच्या काळात मृत व्यक्तींची पारपटले वापरून हा प्रश्न सोडविला. भारतात पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, सुरू झाली. बँकेत पैसा ठेवतात, तशी नेत्रपेढीत दृष्टी ठेवली जाते. फरक एवढाच, की येथे ठेवणारा ती कधीच परत मागत नाही आणि तिचे मोलही घेत नाही.

नेत्रदान मृत्यूनंतरच करता येते, आणि ते शक्यतो सहा तासांच्या आत व्हावे लागते. नेत्रपेढीला दूरध्वनी केला, की तेथील प्रशिक्षित माणसे घरी येतात. तोवर मृताच्या पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात, डोक्याखाली उशी द्यावी आणि पंखा बंद करावा. सारे काम सुमारे अर्ध्या तासात उरकते. चेहरा विद्रूप होत नाही. एका व्यक्तीच्या दोन डोळ्यांमुळे दोन अंधांना दृष्टी मिळू शकते. चष्मा असलेली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली किंवा मधुमेह असलेली व्यक्तीही नेत्रदान करू शकते. काही सांसर्गिक रोग असल्यास मात्र डोळे घेत नाहीत. याचा निर्णय डॉक्टर करतात.

डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे व्हावे लागेल, अशी भीती काहींना वाटते. परंतु चितेत किंवा मातीत सारे शरीरच लयाला जाते. जे नाहीसे व्हावयाचे, त्यातील एक लहानसा अंश कोणाच्या उपयोगी पडला, तर त्यात दोष कसला?

दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा पाळला जातो. पुष्कळ लोक संकल्पाचा अर्ज भरतात. परंतु घरच्यांची संमती नसेल, तर तो अर्ज पेटीतच राहतो. मृत्यूच्या प्रसंगी घरातील वडीलधारी माणसे दुःखाने गांगरलेली असतात. सहा तास पाहता पाहता निघून जातात. आजोबांची इच्छा त्या वेळी कोणाला आठवत नाही.

मुलांनो, येथे तुम्ही उपयोगी पडू शकता. आज घरी गेल्यावर हा विषय सर्वांसमोर काढा. आजीआजोबांचे, आईवडिलांचे मत विचारा. जवळच्या नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. आणि कधी तो कठीण प्रसंग आलाच, तर जवळच्या मोठ्या माणसाला हळूच एवढेच विचारा, “नेत्रपेढीला कळवायचे ना?” तेवढ्या एका प्रश्नाने कोठेतरी दोघांच्या खिडकीची काच स्वच्छ होईल.