‘मागील भांडणाचा राग मनात धरून’

आमच्या माणसावर हल्ला झाला आणि पोलीस ठाण्यात फिर्याद लिहिली गेली, की तिच्यात एक वाक्य हमखास येते. ‘मागील भांडणाचा राग मनात धरून आरोपींनी फिर्यादीस शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.’ हे वाक्य फिर्यादीच्या तोंडचे नसते, ठाणे अंमलदाराच्या हाताला बसलेले असते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रेही तेच जसेच्या तसे छापतात. मार खाल्लेल्या माणसाला वाटते, चला, निदान नोंद तरी झाली. पण ॲट्रॉसिटीचा खटला सत्र न्यायालयात उभा राहतो, तेव्हा आरोपीचा वकील नेमके याच ओळीवर बोट ठेवतो. भांडण जुने, राग जुना, मग यात जात आली कुठून?

ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ साली झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. तो टिकावा म्हणून समाज वेळोवेळी रस्त्यावर उतरला. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद सर्वांना आठवत असेल. मात्र कायद्यातले शब्द वाचण्याचे काम आपण वकिलांवर सोपवून मोकळे झालो. खटले तर त्या शब्दांवरच उभे राहतात किंवा कोसळतात.

फौजदारी कायद्यात उद्देश आणि हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मराठीत हे शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. कुऱ्हाड उचलणाऱ्याला समोरच्याचा जीव घ्यायचा आहे, हा झाला उद्देश. त्याला जीव का घ्यायचा आहे? जमिनीसाठी, सूडासाठी, की प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनेपायी, हा झाला हेतू. प्रत्यक्ष पाहणारा विश्वासार्ह साक्षीदार असेल तर खुनाच्या खटल्यात हेतू सिद्ध झाला नाही म्हणून आरोपी सुटत नाही. मारण्याचा उद्देश दिसला म्हणजे पुरे होते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(२)(व्ही) मध्ये मात्र, जिथे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला जन्मठेप सांगितली आहे, तिथे मूळ शब्द असे होते की पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे ‘या कारणावरून’ गुन्हा घडला पाहिजे. म्हणजे इतरांच्या खुनात ज्या हेतूवाचून अडत नाही, तोच हेतू आमच्या खुनात ‘कारण’ या नावाने पुढच्या दाराने आत आला. मारेकऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी जात होती की नाही, हे सिद्ध करायचे कोणी? तर मेलेल्याच्या नातेवाइकांनी.

खैरलांजीत हेच झाले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे या चौघांना मारण्यात आले. सुरेखाताई आणि प्रियंका यांनी आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींविरुद्ध साक्ष दिली होती. ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे हत्याकांड झाले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. हा सूडाचा प्रकार आहे, जातीचा नाही, अशी भूमिका घेतली गेली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली आणि ॲट्रॉसिटीबाबतचा निष्कर्ष कायम राहिला. न्यायालयाचा मान राखून आम्ही एवढेच विचारतो, की गावात मोजकीच घरे असलेल्या बौद्ध बाईने उभे राहून साक्ष द्यावी, याचाच तो राग नव्हता काय? सूड आणि जात हे दोन वेगळे डबे आहेत, असे गावगाड्यात राहिलेला कोणता माणूस म्हणेल?

संसदेने २०१५ साली दुरुस्ती केली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. आता ३(२)(व्ही) मध्ये ‘या कारणावरून’ हे शब्द नाहीत. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे ‘हे माहीत असताना’ गुन्हा केला, एवढे पुरे आहे. साधी मारहाण, धमकी, अडवणूक अशा परिशिष्टातल्या गुन्ह्यांसाठीही ३(२)(व्हीए) हे नवे कलम त्याच शब्दांत आले. शिवाय कलम ८ मध्ये एक गृहीतक घातले गेले. आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी ओळख होती हे दिसले, की त्याला जात माहीत होती असे न्यायालयाने धरून चालायचे. तसे नव्हते, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. गावात कोणाची जात कोणाला माहीत नसते? पण ही ओळख कागदावर यावी लागते. ‘आरोपी व आम्ही एकाच गावचे, तो आम्हाला लहानपणापासून ओळखतो’ ही साधी ओळ किती फिर्यादींत असते?

शिवीगाळीची गोष्ट वेगळी आहे, तिची यात गल्लत करू नये. जातिवाचक शिवी किंवा अपमान सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झाला पाहिजे, ही अट ३(१)(आर) आणि (एस) मध्ये आजही आहे. जागा खासगी असली तरी चालते. घराच्या फाटकाशी शिवी दिली आणि रस्त्यावरच्यांना ती दिसली-ऐकू आली तर अट पुरी होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वर्णसिंग प्रकरणात सांगितले. उलट चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना घडलेल्या प्रसंगात, तेही जमिनीच्या वादात, हितेश वर्मा प्रकरणात २०२० साली हा आरोप रद्द झाला. म्हणून तिथे कोण कोण उभे होते, त्यांची नावे पहिल्याच कागदावर यावीत.

खोटे लिहा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भांडण झाले असेल तर ते सांगावेच. पण ते कशावरून झाले हेही सांगावे. विहिरीवरून, मिरवणुकीच्या वाटेवरून, गायरानाच्या तुकड्यावरून, की साक्षीवरून. ‘मागील भांडण’ या दोन शब्दांत हे सगळे गडप होते.

याला कायद्याचा आधार आहे. तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती सही घेण्यापूर्वी वाचून दाखवणे हे कलम ४ नुसार लोकसेवकाचे कर्तव्य आहे. त्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून दंड प्रक्रिया संहितेच्या १५४ ऐवजी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ आले, तरी फिर्यादीची प्रत मोफत मिळण्याचा हक्क तसाच आहे. ॲट्रॉसिटीत प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या कलम १८अ ने स्पष्ट केले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. तेव्हा वाचून दाखवा म्हणावे, आणि ती ठरलेली ओळ आली की तिथेच थांबवून, ‘साहेब, हे मी सांगितलेले नाही, मी सांगितले तसे लिहा’ असे म्हणावे. सही त्यानंतर.