निजामी मुलखांतील संयुक्त भांडवलाच्या कंपन्या व त्यांचे कागद

जालना, अंबड, भोकरदन व परतूर या बाजूच्या व्यापारी घराण्यांच्या दफ्तरांत सनदा, खतें व मोडी वह्या यांच्या जोडीला आणखी एका जातीचा कागद कधीं कधीं हातीं लागतो. तो जाड असतो, कडेला वेलबुट्टी असते, मजकूर कोठें इंग्रजी तर कोठें उर्दू, आणि खालीं मोहोर. संग्राहक त्यास 'शेअरचा कागद' म्हणून बाजूस सारतात. कित्येक तर वरील तिकीट तेवढें कापून घेतात व बाकीचा कागद रद्दींत टाकितात. असें झालें म्हणजे ती कंपनी खरोखर अस्तित्वांत आली होती काय, आली असल्यास कोणत्या राज्याच्या कायद्यानें व कोणत्या दिवशीं, हें ठरविण्याचें साधन कायमचें जातें. यासाठीं कंपनी नोंदण्याच्या पायऱ्या कोणत्या व कोणत्या पायरीवर कोणता कागद निपजतो, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. तत्पूर्वीं हा मुलूख बहुतेक औरंगाबाद जिल्ह्यांत व परतुराकडील भाग परभणींत मोडत असे. आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तो सगळा निजामाच्या राज्यांत होता. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा येथें आपोआप चालत नसे. तिकडे मर्यादित जबाबदारीचें तत्त्व १८५७ च्या कायद्यानें आलें व पुढें १८६६, १८८२ आणि १९१३ असे कायदे क्रमानें झाले. निजामी राज्याचा स्वतंत्र कंपनी कायदा १३२० फसलीचा, म्हणजे इ. स. १९१०-११ चा. १९१३ चा ब्रिटिश कायदा समोर ठेवून तो घडविला असें कोणी म्हणेल, तर ही मिति त्याच्या आड येते.

अनेकांनीं भांडवल एकत्र करून व्यापार करावा ही कल्पना आमच्याकडे नवीन नव्हे. स्मृतींतील अठरा व्यवहारपदांत 'संभूयसमुत्थान' हें एक पद आहे. ज्याचें जितकें द्रव्य तितका त्यास लाभ किंवा हानि, अथवा आधीं ठरला असेल त्या कराराप्रमाणें, असा याज्ञवल्क्याचा आशय असून विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्याचा विस्तार केला आहे. आणि तो ज्या कल्याणीच्या चालुक्य राजाच्या आश्रयास होता, ती कल्याणीही पुढें निजामी मुलखांतच मोडली. याहून जुना दाखला नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा. त्यानें गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीपाशीं २००० कार्षापण दरमहा शेंकडा १ व दुसरीपाशीं १००० कार्षापण शेंकडा पाऊण या व्याजानें कायम ठेविले. श्रेणींतील माणसें मरतील पण श्रेणी राहील, हा भरंवसा त्याच्या मुळाशीं आहे. शिवाय हें दान निगमसभेंत ऐकवून फलकावर 'निबद्ध' केल्याचें लेख सांगतो. कायमचें अस्तित्व व सरकारी नोंद हीं कंपनीचीं दोन लक्षणें येथें स्पष्ट दिसतात. तिसरें लक्षण मात्र या प्राचीन मेळांत आम्हांस आढळत नाहीं. तें असें कीं, कंपनी बुडाली तरी भागीदारानें शेअरची राहिलेली रक्कम तेवढी भरावी. त्याचें घरदार सावकारास लागूं नये.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ब्रिटिश कायद्याच्या सांच्यांतील कंपनीस निदान सात माणसें लागत. तीं मिळून 'मेमोरँडम' नांवाच्या मूळ लेखावर सह्या करीत. त्यांत पांच गोष्टी असावयाच्याच: कंपनीचें नांव व त्याच्या शेवटीं 'लिमिटेड' हा शब्द, कचेरी कोणत्या प्रांतांत राहील तें, कंपनीचे उद्देश, भागीदारांची जबाबदारी मर्यादित असल्याचें कलम, आणि भांडवल किती व किती रुपयांच्या किती शेअरांत विभागलेलें. सही करणारानें आपण किती शेअर घेतों हें नांवासमोर लिहावयाचें, व तें एकाहून कमी चालत नसे. इतिहासाच्या दृष्टीनें ही सात सह्यांची यादी अमोल होय. कोणत्या पेठेंतले, कोणत्या जातीचे, कोणत्या धंद्याचे लोक एकत्र आले हें तिच्यावरून कळतें. मात्र सातही नांवें स्वतंत्र भांडवलवाल्यांचीं असतील असें धरूं नये. लंडनच्या सालोमन नांवाच्या चर्मकार व्यापाऱ्यानें स्वतःची, बायकोची, मुलीची व चार मुलग्यांची अशा सह्या घेऊन सात पुरे केले, आणि १८९६ त हाउस ऑफ लॉर्ड्सनें ती कंपनी खरी ठरविली.

मेमोरँडमाबरोबर 'आर्टिकल्स' म्हणजे अंतर्गत कारभाराचे नियम दाखल होत. डायरेक्टर कसे नेमावे, सभा केव्हां बोलवावी, शेअर दुसऱ्याच्या नांवें कसा चढवावा, इत्यादि मजकूर त्यांत असतो. स्वतःचे नियम न केल्यास कायद्याच्या शेवटीं दिलेला नमुना लागू समजत. हे दोन्ही लेख व फी रजिस्ट्रारपाशीं दिल्यावर तो कागद तपासून नोंद करी व दाखला देई. कंपनीचा जन्म या दाखल्याच्या तारखेस होतो. तिच्या आधींचें माहितीपत्रक, वर्गणीची यादी, ठराव किंवा पावती, कितीही सुंदर छापलेली असो, ती फक्त इच्छा सिद्ध करते. दाखल्यानंतर शेअर दिल्याचें पत्र, हप्त्याच्या मागणीच्या नोटिसा व शेवटीं शेअरचा कागद, हा क्रम. शेअरच्या कागदावर अनुक्रमांक व भरलेली रक्कम असते. १०० च्या शेअरावर ५० च भरले असल्यास उरलेल्या ५० चें देणें धारकाच्या माथीं असे.

'अमुक आणि कंपनी' एवढ्या पाटीवरून फसूं नये. ती साधी भागीदारीची पेढी असूं शकते. तथापि पेढीचे भागीदार २० हून अधिक, किंवा सराफीच्या पेढींत १० हून अधिक झाल्यास नोंदणी केलीच पाहिजे, असा १८८२ च्या ब्रिटिश कायद्याचा दंडक होता.

स्वतःच्या कायद्याखालीं नोंद होण्यानें राज्यास काय लाभ, हें सिंगरेणीच्या कोळशाच्या उदाहरणानें चांगलें कळतें. १८८६ त खाणींचा मक्ता घेणारी हैदराबाद (डेक्कन) कंपनी लंडनांत नोंदली गेली. भांडवल १० लक्ष पौंड, १० पौंडांचे १ लक्ष शेअर. पैकीं ८५,००० शेअर पूर्ण भरलेले म्हणून मक्तेदारांसच मिळाले! राज्यातर्फे व्यवहार पाहणारे सरदार दिलेर-उल्-मुल्क अब्दुल हक यांनीं आपल्या वांट्याचे शेअर चढ्या भावानें निजाम सरकारच्याच गळ्यांत बांधले. प्रकरण १८८८ त पार्लमेंटाच्या कमिटीपुढें गेलें. खाणी राज्यांतल्या, परंतु मूळ कागद व रजिस्टर लंडनांत, हें या गोंधळाचें एक मोठें कारण होय असें आमचें मत आहे. पुढें २३ डिसेंबर १९२० रोजीं सिंगरेणी कॉलरीज कंपनी लिमिटेड ही हैदराबादच्या कायद्याखालीं नोंदली जाऊन तिनें जुन्या कंपनीची मालमत्ता व देणें दोन्हीं पत्करलीं. १९४५ त निजाम सरकारनें तिचे बहुसंख्य शेअर घेतले. ती कंपनी आजही चालू आहे.

मितीविषयीं सावधगिरी हवी. पेशवे दफ्तर वाचणारास मृगापासून पालटणारा फसली ठाऊक असतो; निजामी सरकारचा फसली आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबराच्या आरंभीं पालटे. म्हणून १९२० च्या आगस्टांत मुंबई इलाख्याकडील कागदावर १३३० असेल तर हैदराबादच्या कागदावर १३२९. निजामी फसलींत आजूरपासून डिसेंबरअखेर ५९० व पुढें ५९१ मिळवावे. सिंगरेणीची नोंद १३३० फसलीची, तींत ५९० मिळवून १९२० येतात; पण त्याच फसलीचा वैशाखांतला कागद १९२१ चा.

नाण्याचेंही तसेंच. भांडवलाचा आंकडा 'हाली' अथवा 'उस्मानिया सिक्का' असा असल्यास तो कलदार नव्हे. सरकारी दर १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै सिक्का, म्हणजे सात सिक्के बरोबर सहा कलदार. १०० सिक्क्यांचा शेअर सुमारें ८५ रुपये ११ आणे कलदार होई. दोन कंपन्यांचीं भांडवलें तोलतांना हा वटाव सोडला तर सातांत एकाची चूक पडते.

१९०० मध्यें मनमाड-हैदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेल्यावर येथील कापसाचा व्यवहार मुंबईशीं जडला, आणि 'जालना सोने का पालना' ही म्हण सार्थ झाली. परंतु निजामी राज्यांत नोंदलेली कंपनी मुंबईंत परकी ठरे. १९१३ च्या कायद्याप्रमाणें तिनें तेथें धंद्याचें ठाणें घातल्यास आपल्या मूळ लेखाची नक्कल, डायरेक्टरांची यादी व नोटिसा स्वीकारणाऱ्या तेथील माणसाचें नांव मुंबईच्या रजिस्ट्रारास द्यावें लागे. सबब एखाद्या कंपनीचे मूळ लेख मराठवाड्यांत न मिळाल्यास मुंबईच्या नोंदींत त्यांची नक्कल शोधावी.

१ एप्रिल १९५१ पासून १९१३ चा कायदा हैदराबादेस लागू झाला व १ एप्रिल १९५६ पासून त्याची जागा नव्या कायद्यानें घेतली. जुन्या राज्यांच्या कायद्यांखालीं नोंदलेल्या कंपन्या नव्यानें स्थापाव्या लागल्या नाहींत. 'विद्यमान कंपनी' या नांवानें त्या तशाच मानल्या गेल्या. त्यामुळें १९५६ नंतरच्या यादींत एखादें नांव दिसलें तरी तिचा जन्म १३२० फसलीच्या कायद्याखालचा असूं शकतो. तो ताडून पाहण्यास मूळ दाखला, नाहीं तर निदान तिकीट न कापलेला शेअरचा कागद, हाताशीं असावा लागतो.