आधी पडायचं, मग पाडायचं

टोकियोत योशिनकान आयकिदोच्या मुख्य दोजोत, म्हणजे तिथल्या तालमीत, ‘सेन्शुसेई’ नावाचा अभ्यासक्रम नावाजलेला आहे. मुदत अकरा महिने, आठवड्याचे पाच दिवस. गोझो शिओदा या जेमतेम पाच फुटी माणसाने 1955 मध्ये योशिनकान काढलं आणि दोनच वर्षांत टोकियो पोलिसांच्या दंगलविरोधी पथकातले निवडक जवान तिथे शिकायला येऊ लागले. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला हे दार परदेशी लोकांनाही उघडलं. गंमत अशी की, आधीपासून काही येत असलंच पाहिजे, अशी अट नव्हती. कोरी पाटी घेऊन या आणि ब्लॅक बेल्ट घेऊन जा. अर्थात टिकलात तर.

रॉबर्ट ट्विगर हा असाच आलेला एक इंग्रज. ऑक्सफर्डचा पदवीधर, कवी, टोकियोत मुलींना इंग्रजी शिकवून पोट भरणारा. या अनुभवावरचं त्याचं ‘अँग्री व्हाइट पजामाज’ हे पुस्तक 1997 मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधला क्रीडापुस्तकांचा विल्यम हिल पुरस्कार घेऊन गेलं. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि गुडघे जास्त. ‘सुवारी वाझा’ म्हणजे गुडघ्यांवर बसून, गुडघ्यांवरच सरकत करायचे डाव. पहिल्या काही दिवसांतच कातडी सोलवटते, रात्री खपली धरते, सकाळी पुन्हा निघते, आणि पांढऱ्या विजारीवर रक्ताचे डाग उमटतात. शिक्षकांनी ‘हाजिमे’ म्हणून इशारा केला की एकच डाव जोडीदारावर न थांबता, दम उखडेपर्यंत करत राहायचा. समजलं, नाही समजलं, दुखतंय, पाणी हवंय, या सगळ्याला उत्तर एकच: ‘ओस!’

या कडकपणाचं सरसकट कौतुक मला जमत नाही. त्यातला काही भाग अंग घडवतो आणि बराचसा नुसता सहनशक्तीचा अंत पाहतो. परदेशी माणसाला मात्र तोच भाग आधी भुरळ घालतो, कारण सिनेमात त्याने तोच पाहिलेला असतो. दोजोत शिकण्यासारखं जे आहे ते बहुधा याहून साध्या ठिकाणी सापडतं.

उदाहरणार्थ, वर्ग. बहुतेक आयकिदो दोजोंत नवशिक्यांचा वेगळा वर्ग असला तरी रोजच्या सरावात सगळे एकत्रच असतात. ओळीत बसताना मान ठरलेला. जो आधी आला तो सेम्पाई, मग तो वयाने दहा वर्षांनी लहान का असेना. मोठ्या कंपनीतला साहेब असो की प्राध्यापक, काल आला असेल तर ओळीच्या शेवटी बसणार आणि झाडू, फडकं हातात घेणार. सराव सुरू झाला की ही उतरंड उलटीपालटी होते. जोडी जमते, चार वेळा एकाने डाव टाकायचा, चार वेळा दुसऱ्याने. म्हणजे वीस वर्षं मुरलेला माणूस काल आलेल्या पोरासाठी पडतो. तो बोलत फारसा नाही. तुमचा कोन बरोबर असेल तर तो सहज खाली जातो, चुकला असेल तर तसाच उभा राहतो आणि वाट बघतो. भाषा न येणाऱ्याला याहून चांगली शिकवणी मिळणार नाही.

ज्युदोत तर नवख्याला आधी पडायलाच शिकवतात. याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर, आणि पाठ टेकता टेकता हाताचा सपाटा चटईवर. हे झालं पडणाऱ्याचं काम. पाडणाऱ्याचं काम तितकंच मोठं असतं. फेकल्यानंतरही त्याने जोडीदाराची बाही सोडायची नसते, उलट ती शेवटच्या क्षणी वर ओढून धरायची असते. त्या ओढीने खालच्याचं डोकं चटईवर आपटत नाही. जाणता सेम्पाई ओळखायचा तो इथेच.

हे जिथे पाळलं गेलं नाही, तिथे काय झालं तेही जपानमध्ये नोंदलेलं आहे. नागोया विद्यापीठातले र्‍यो उचिदा यांनी मांडलेल्या हिशेबानुसार 1983 ते 2011 या काळात जपानी शाळांत ज्युदो करताना 118 मुलं दगावली. त्यांत डोक्याला मार बसलेली आणि पहिल्याच वर्षाची, नवखी मुलं अधिक. ज्युदोचे जनक जिगोरो कानो स्वतः शिक्षक होते. 1882 मध्ये त्यांनी टोकियोच्या एइशो-जी देवळात बारा चटयांच्या जागेत कोदोकान सुरू केलं, आणि आपल्याबरोबर समोरच्याचंही भलं व्हावं हे ज्युदोचं तत्त्व म्हणून सांगितलं. त्यांच्याच देशात हा आकडा निघावा, हे विचित्र आहे.

  

कोदोकानात परदेशी लोक फार आधीपासून येत आले. त्यांतली रस्टी कानोकोगी मला सगळ्यांत आवडते. ब्रुकलिनची ही मुलगी 1959 मध्ये छाती पट्ट्यांनी बांधून, मुलगा म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या वायएमसीएच्या स्पर्धेत उतरली आणि जिंकली. बाई असल्याचं कळताच पदक परत घेतलं. 1962 मध्ये ती जपानला गेली. कोदोकानात बायकांचा दोजो वेगळा होता. तिथे तिचा जोर पाहून तिला पुरुषांच्या मुख्य दोजोत सरावाची परवानगी मिळाली, आणि अशी परवानगी मिळालेली ती पहिली बाई. पुढे 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये महिलांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा भरवण्यात तिचाच पुढाकार होता. वायएमसीएने 2009 मध्ये, तिच्या मृत्यूच्या काही महिने आधी, तिला पदक देऊन जुनी चूक दुरुस्त केली.

आज कोदोकान टोकियोच्या कासुगा भागातल्या बहुमजली इमारतीत आहे. मुख्य दोजो सातव्या मजल्यावर, 420 चटयांचा. रीतसर नोंदणी करून परदेशी पाहुण्याला तिथे सराव करता येतो. पुण्या-मुंबईहून कोणी जाणार असेल तर नखं कापलेली आणि पोशाख धुतलेला हवा. अंगठी, गंडा-दोरा काढून ठेवावा. चपला चटईच्या कडेला काढताना टोकं बाहेरच्या बाजूला करावीत. गुडघा आधीच दुखत असेल तर तो दाखवून स्पष्ट सांगावं, त्यात कमीपणा नाही. कोणाबरोबर मोकळी लढत हवी असेल तर समोर जाऊन ‘ओनेगाइशिमास’ म्हणावं आणि वाकावं. लाल-पांढरा पट्टा बांधलेले सत्तरीचे आजोबा कोपऱ्यात बसलेले दिसले तर त्यांना सोपं गिऱ्हाईक समजू नये. तो पट्टा सहाव्या ‘दान’पासून, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या सहाव्या श्रेणीपासून, पुढे मिळतो.