घरातील राउटर व त्याची बिनतारी व्यवस्था

महाड तालुक्यातील पाचाड हे गाव रायगडाच्या पायथ्याशी वसलेले असून जिजाऊसाहेबांचा वाडा व समाधी यांमुळे ते साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे. गडावर येणाऱ्या प्रवाशांच्या जेवणाची व मुक्कामाची सोय येथील अनेक घरांतून होते. २०२० सालच्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि त्याच वर्षी ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात विजेचे खांब व तारा जमीनदोस्त केल्या. मुलांचा अभ्यास अदृश्य लहरींवर किती अवलंबून राहू शकतो, याची जाणीव त्या वर्षी घरोघरी झाली. शाळा पूर्ववत भरू लागल्या, तरी दीक्षा ॲपवरील पाठ पाहणे, गृहपाठ पाठविणे, शिष्यवृत्ती परीक्षेची माहिती मिळविणे ही कामे घरून होतच आहेत. म्हणून राउटर ही वस्तू शिक्षकाने व पालकाने थोडी समजून घेणे इष्ट आहे.

राउटरची कामे दोन. बाहेरून तारेने आलेली माहिती घेणे हे पहिले, व ती बिनतारी लहरींनी घरात पसरविणे हे दुसरे. पाठ मध्येच थांबला म्हणजे दोष यांपैकी कोठे आहे हे प्रथम ठरवावे. भ्रमणध्वनी राउटरपासून पाच-सहा हातांवर धरून तोच पाठ पाहावा. तेथेही तो अडखळत असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या तारेत किंवा सेवेत असतो. तेव्हा राउटरची सेटिंग्ज बदलून काही साधत नाही. जवळ नीट चालतो व माजघरात किंवा परसदारी थांबतो, असे आढळल्यास मात्र पुढील विवेचन उपयोगी पडेल.

लहर, भिंत आणि जागा

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत बोलतात : एक २.४ गिगाहर्ट्झचा व दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्यातील लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, तर दुसऱ्यातील लहरीची ५ ते ६ सेंटिमीटर. आखूड लहर अधिक माहिती वाहून नेऊ शकते, परंतु भिंतीपलीकडे ती लवकर क्षीण होते. यास्तव राउटर असलेल्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा आणि दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, असा सामान्य नियम आहे.

कोकणातील पावसाळ्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. घरापुरत्या अंतरात पावसाच्या थेंबांनी या लहरींना विशेष बाधा येत नाही. परंतु जाड दगडी किंवा चिऱ्याची भिंत ओल धरते, आणि पाणी या लहरी शोषून घेते. लोखंडी पत्रा व कपाट तर त्यांना परतवूनच लावतात. म्हणून कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी राउटर कपाटामागून किंवा कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवावा. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

चॅनेल म्हणजे काय

रायगडाच्या राजसभेचा अनुभव अनेकांना असेल. सिंहासनाच्या जागी बेताच्या आवाजात उच्चारलेले शब्द दूर नगारखान्याच्या दारात ऐकू येतात. पण ६ जूनला, राज्याभिषेक दिनाच्या गर्दीत, तोच माणूस त्याच जागी तितक्याच आवाजात बोलला तर शेजारच्यालाही ते कळणार नाही. आवाज तोच असतो. भोवतालची शांतता मात्र गेलेली असते. बिनतारी संदेशाचेही असेच आहे. तो किती जोराने पाठविला यापेक्षा त्याच्या वाटेवर इतरांचा गलबला किती आहे, यावर बरेच अवलंबून असते.

ही वाट म्हणजेच चॅनेल. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १ ते १३ असे चॅनेल वापरता येतात. दोन लगतच्या चॅनेलांत अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झचे असते, आणि एका संभाषणास मात्र सुमारे २० मेगाहर्ट्झची रुंदी लागते. अर्थात १, २ व ३ हे तीन वेगळे मार्ग नसून एकमेकांवर चढलेले मार्ग होत. परस्परांना न अडविणारे तीनच चॅनेल मिळतात, ते १, ६ व ११. शेजारच्या घरी ६ असेल तर आपण १ किंवा ११ निवडावा. तिन्ही व्यापलेले असतील, तर मधला ३ किंवा ४ निवडण्याचा मोह टाळावा. एकाच चॅनेलवरील यंत्रे परस्परांचे बोलणे ऐकून, हात वर करणाऱ्या विद्यार्थ्यांप्रमाणे आळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरील यंत्रास मात्र दुसऱ्याचे बोलणे समजत नाही. त्याला ती केवळ खरखर वाटते. प्रवाशांची वर्दळ असते तेव्हा त्यांच्या भ्रमणध्वनींचे हॉटस्पॉटही याच पट्ट्यात येऊन बसतात, हेही लक्षात घ्यावे.

रुंदी व शक्ती

'चॅनेल विड्थ' या सेटिंगमध्ये २०, ४०, ८० असे आकडे दिसतात. मोठा आकडा म्हणजे अधिक वेग, हे खरे. पण त्यासाठी अधिक जागा अडविली जाते. २.४ गिगाहर्ट्झचा सारा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा आहे. त्यात ४० ची रुंदी घेतली, तर जवळजवळ अर्धा पट्टा एकाच घराने व्यापला असे होते. म्हणून येथे २० च ठेवावी. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा मुबलक असल्याने ८० ठेवण्यास सहसा हरकत नाही. त्या पट्ट्यातील ५२ ते १४४ हे चॅनेल रडारही वापरीत असल्यामुळे तेथे बोलू लागण्यापूर्वी राउटरला निदान एक मिनिट कानोसा घ्यावा लागतो, व रडारची चाहूल लागताच जागा सोडावी लागते. राउटर सुरू केल्यावर हे जाळे थोडा वेळ दिसत नसेल, तर ते याच कारणाने असू शकते. ३६ ते ४८ या चॅनेलांना हा नियम लागू नाही.

'ट्रान्समिट पॉवर' वाढविल्याने सर्व प्रश्न सुटेल, हा समज फार प्रचलित आहे. परंतु हे संभाषण दुतर्फी असते. राउटरने पाठविलेल्या संदेशाची पोच भ्रमणध्वनीने द्यावयाची असते, आणि त्याची शक्ती अल्प असते. गडावरील तोफेचा आवाज पाचाडास ऐकू येईल; पाचाडातून मारलेली हाक गडावर पोहोचणार नाही. पडद्यावर रेघा पूर्ण दिसतात आणि पाठ मात्र पुढे सरकत नाही, याचे एक कारण हेच. शिवाय शक्तीस कायद्याचीही मर्यादा आहे. २००५ सालच्या नियमांनी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना वापरण्यास खुला झाला, तो ४ वॉट प्रक्षेपित शक्तीच्या मर्यादेत. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोकळीक २०१८ साली वाढविण्यात आली.

जी सेटिंग्ज सहसा हलवू नयेत

'बीकन इंटरव्हल' म्हणजे राउटर किती वेळाने आपले अस्तित्व जाहीर करतो तो काळ. तो १०० असतो, म्हणजे सेकंदातून सुमारे दहा वेळा. तो तसाच असू द्यावा. 'आरटीएस थ्रेशोल्ड' बहुधा २३४७ असतो, व तेवढा असता ती सोय बंदच असते. तिचा हेतू मात्र जाणून घेण्याजोगा आहे. पडवीत एक व परसदारी एक अशी दोन मुले बसली आहेत. मधल्या भिंतीमुळे त्यांच्या यंत्रांना परस्परांचे बोलणे ऐकू येत नाही, म्हणून दोन्ही एकदम बोलतात व राउटरला एकाचेही समजत नाही. अशा वेळी हा आकडा ५०० च्या आसपास आणल्यास यंत्रे बोलण्यापूर्वी परवानगी मागू लागतात. प्रत्येक परवानगीस वेळ लागतोच. म्हणून तशी अडचण असल्यावाचून हा उपाय योजू नये.

सुरक्षितता

सुरक्षेसाठी 'डब्ल्यूपीए-३' किंवा एईएस सहित 'डब्ल्यूपीए-२' निवडावे. 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत २००१ सालीच भेद्य ठरली असून ती मुळीच वापरू नये. जाळ्याचे नाव लपविल्याने संरक्षण मिळत नाही. ज्या घरी प्रवासी उतरतात तेथे 'गेस्ट नेटवर्क' सुरू करून त्याचा संकेतशब्द वेगळा ठेवावा, म्हणजे घरची यंत्रे परक्यांच्या हाती लागत नाहीत.

बदल कसा करावा

राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या चिठ्ठीवर त्याचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तत्सम, व प्रवेशाचा संकेतशब्द असतो. ब्राउझरमध्ये तो पत्ता लिहिला म्हणजे सेटिंग्जचे पान उघडते. तो संकेतशब्द प्रथम बदलावा. नंतर असलेले सर्व आकडे वहीत उतरवून घ्यावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि एक-दोन दिवस, त्याच जागी व त्याच वेळी, परिणाम पाहून नोंद करावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि बिघडले तर परतीची वाट सापडत नाही.

सातवीच्या विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग विज्ञानाच्या तासास जोडून करवून घेता येईल. मुलांनी आपल्या घराचा आराखडा काढावा, पडवी, माजघर, स्वयंपाकघर व परसदार येथे पाठ कसा चालतो ते लिहावे, भिंत कशाची आहे ते नोंदवावे व शेजारच्या घरांत कोणते चॅनेल आहेत ते विचारून घ्यावे. आळीतील चार घरांनी १, ६ व ११ आपसांत वाटून घेतले, तर पदरचा पैसा न खर्चिता चौघांच्या मुलांचा अभ्यास सुधारू शकेल. हवेतील हा मार्ग गावच्या पाणवठ्यासारखा सामायिक आहे. एकाने जरुरीपेक्षा अधिक घेतले, तर ते दुसऱ्याच्या वाट्याचे जाते. आणि तो दुसरा बहुधा शेजारच्या पडवीत वही उघडून बसलेला, आपल्याच वर्गातील मुलगा असतो.