सह्याद्रीत ओस खाणगाव का नाही?

चिलीमध्ये अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून 2 हजार मीटरहून उंचावर, सेवेल नावाचं गाव आहे. एल तेनिएंते या तांब्याच्या खाणीसाठी ब्रेडन कॉपर कंपनीनं 1905 मध्ये ते वसवलं. डोंगराचा उतार इतका उभा, की गाडीरस्ता निघालाच नाही. सगळं गाव जिन्यांवर. ऐन भरात तिथं 15 हजार माणसं राहत. पुढे कामगारांना पायथ्याच्या रांकाग्वा शहरात हलवलं आणि 1970 च्या दशकात गाव जवळजवळ रिकामं झालं. 2006 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातून पश्चिमेकडे पाहा. अंजनेरी, त्र्यंबकची रांग, दक्षिणेला कळसूबाईकडचे डोंगर. कळसूबाई 1,646 मीटर, म्हणजे उंची अगदीच सामान्य नाही. या डोंगरांत ओस पडलेले किल्ले हवे तेवढे सापडतील. ओस पडलेलं खाणगाव मात्र एकही नाही. कारण खाणीसाठी माणसांनी डोंगरावर जाऊन राहावं, असं काही या दगडात नाहीच.

हा सगळा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर पडत राहिला, थरावर थर साचले आणि आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे. या दगडात धातू नाहीत असं नाही. लोखंड वजनाच्या जवळपास दहा टक्के भरतं, तांबंही असतं. पण ते तांबं दहा लाख भागांत शे-दोनशे भाग. एल तेनिएंतेच्या खनिजात टक्क्याच्या आसपास, म्हणजे दहा लाखांत दहा हजार. अँडीजखाली शिलारस अडकून राहिला, त्यातून निघालेलं तप्त पाणी दीर्घकाळ खडकाच्या भेगांतून फिरलं आणि विखुरलेलं तांबं त्यानं एका जागी आणून ठेवलं. आपल्याकडचा लाव्हा बाहेर येऊन उघड्यावर पसरला आणि निवाला. धातू जिथल्या तिथे, कणाकणात कोंडलेले राहिले.

जे मौल्यवान असू शकेल, ते खाली गाडलं गेलं. चंद्रपूरचा कोळसा, गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोखंड हाती लागतं ते लाव्हाच्या पांघरुणाबाहेर. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला भोक पाडलं, तेव्हा 338 मीटर बेसॉल्ट संपल्यावर कुठे जुना खडक लागला. कोयनेला तर 900 मीटरहून अधिक खाली जावं लागलं. अपवाद कोल्हापूरकडच्या सड्यांचा. तिथं पावसानं बेसॉल्ट युगानुयुगं धुऊन माथ्यावर बॉक्साइट तयार केला, आणि राधानगरी-चंदगडकडे तो काढलाही गेला.

नाशिकच्या दगडातही पाण्यानं कारागिरी केली, पण वेगळी. लाव्हा निवताना त्यातले वायू अडकून, इडलीला जाळी पडते तशा पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत पाणी झिरपलं आणि त्यात विरघळलेल्या द्रव्यांचे स्फटिक भिंतींवर वाढले: फिकट केशरी स्टिलबाइटच्या पेंढ्या आणि त्यांवर अपोफिलाइटचे चौकोनी, टोकदार खडे. पांडवलेण्यांजवळच्या खाणीतून मिळालेले हिरवे अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. हा हिरवा रंग किंचितशा व्हॅनेडियमचा. सुरुंग उडाला की अशी पोकळी अचानक उघडी पडते. कुणी वेळेवर पाहिली तर ठीक, नाहीतर ती क्रशरमधून खडी होऊन निघते.

आणि खडी हेच इथलं खरं खनिज. राजूर बहुला, सारूळ या भागात डोंगर फोडणं चालतं ते खडीसाठी. बहुला किल्ला तेवढा तोफखान्याच्या सराव क्षेत्रात, त्यामुळे तिथं तोफगोळे पडतात, क्रशर नाही! हे अर्थकारण सेवेलच्या नेमकं उलटं आहे. तांबं महाग, ते आणायला दुर्गम डोंगरावर गाव वसवणं परवडतं. खडी स्वस्त आणि जड. लांबून आणली की वाहतुकीतच पैसे जातात. म्हणून खडीची खाण नेहमी शहराच्या कुशीत, रस्त्यालगत. कामगार मागे ओस वस्ती ठेवून जात नाहीत. गाव जागेवर राहतं, डोंगर जातो. माझ्या मते हा तोटा सेवेलपेक्षा मोठा आहे: रिकाम्या गावाचा वारसा जपता येतो, फोडलेल्या डोंगराचा नाही.

बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साठतं, मग राडारोडा येतो, शेवटी ती बुजते. त्याआधी तिच्या उभ्या भिंतीवर लाव्हाचे थर, त्यांमधली लाल मातीची पट्टी आणि पोकळ्या स्वच्छ दिसतात. असा छेद एरवी पाहायचा तर बोअर मारावी लागते. महाविद्यालयांच्या भूशास्त्र विभागांनी निदान या भिंतींची छायाचित्रं आणि मोजमापं खाण बुजायच्या आत घेऊन ठेवावीत. बाकीच्यांनी सिन्नरला जावं. तिथल्या एमआयडीसीत के. सी. पांडे यांनी उभारलेलं गारगोटी संग्रहालय आहे. आपल्या घराच्या पायात घातलेल्या दगडातून काय काय निघतं, ते तिथं मुलांना दाखवून आणा.