नेट, सेट आणि ब्युरेट

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा आटोपली की दोन-चार मुलं प्रयोगशाळेच्या दाराशी रेंगाळतात. "सर, पुढं काय करू?" उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं: एम.एस्सी., मग नेट, मग प्राध्यापक. माझी होकारार्थी मान तेवढी हवी असते.

मी मान हलवत नाही. या एका ओळीत दोन वेगळ्या वाटा गुंतल्या आहेत: शिकवण्याची आणि संशोधनाची.

सेट ही शिकवण्याच्या पात्रतेची परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिला वयाची अट नाही, पण फेलोशिपही नाही. विज्ञानाच्या मुलांसाठीची सीएसआयआर-नेट मात्र दोन्ही वाटांना चालते. वरच्या गुणांना जेआरएफ मिळते, म्हणजे संशोधनासाठी सुरुवातीला महिना 37,000 रुपये. 2023पासून सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. नेट किंवा सेट पुरते. कागदावर पुरते. प्रत्यक्षात कायम जागा निघेपर्यंत किती जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काढतात, ते कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा.

संशोधनाकडे जायचं तर एम.एस्सी. होईपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. पुण्याच्या आयसरमध्ये बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी. आहे. 'मुलं विज्ञान कसं शिकतात' हाच प्रश्न ज्याला छळतो, त्याला मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात त्याच विषयात पीएच.डी. करता येते. हे फार कमी मुलांना ठाऊक असतं. क्लासच्या जाहिरातीत ते छापत नाहीत.

पण यातली आपली वाट कुठली, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही. म्हणून विचारायला आलेल्याला मी आधी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला मदतीला उभं करतो.

गेल्या वर्षी एक मुलगी अशीच उभी होती. समोरच्या पोराने ब्युरेटचा कॉक सैल सोडला आणि फ्लास्क गडद गुलाबी झाला. ती रागावली नाही. फ्लास्कखाली पांढरी टाइल सरकवून म्हणाली, "पुन्हा कर. रंग आला की नाही अशी शंका येईल, तिथं थांब." दुसऱ्या खेपेला तो बरोबर थांबला. फिकट, जेमतेम गुलाबी. तो आकडा टिपायला वळला आणि पुन्हा पाहतो तर रंग गायब. "मॅडम, गेला!" मॅडम म्हटल्यावर ती हसली. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, आम्लता किंचित वाढते, फिनॉल्फ्थॅलीनचा रंग उडतो, हे तिने त्याला नीट सांगितलं. चांगली शिक्षिका होईल, असं मी मनात नोंदवलं.

तास सुटला. ती मात्र जागची हलली नव्हती. तीन फ्लास्क मांडले होते: एक उघडा, एक बूच लावलेला, एक सारखा हलवत ठेवलेला. शेजारी मोबाइलवर स्टॉपवॉच चालू.

विज्ञान अकादम्यांच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपचा अर्ज मी तिच्यासमोर ठेवला. "एक मिनिट, सर," ती म्हणाली, "बूचवाला अजून गुलाबीच आहे."